यांग दूसोकची फेरमांडणी

मोकपोच्या टेकडीवर, बंदराकडे तोंड करून जी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली आहेत, त्यांतल्या वरून तिसऱ्या ओळीत यांग दूसोक राहतो. वय एकाहत्तर. गुडघे सोडले तर शरीराची तक्रार नाही, आणि डोक्याची तर कधीच नव्हती. जे काही बिघडलं ते या न बिघडणाऱ्या डोक्यामुळेच, असं त्याची बायको सुनिम म्हणायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

डोकं असं की आठव्या वर्षीच तो बंदरावरच्या बादुकच्या अड्ड्यात शिरून मोठमोठ्या माणसांना हरवू लागला. बादुक म्हणजे रेघांच्या पाटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडत समोरच्याला वेढायचा खेळ. एकदा टेकवलेली सोंगटी परत उचलायची नाही, एवढं कळलं तरी पुरे. होड्यांवरून उतरलेली, अंगाला माशांचा वास मारणारी माणसं या पोराकडून हरायची आणि वर त्यालाच भाजलेलं रताळं द्यायची. बाराव्या वर्षी त्याला सोलमध्ये एका गुरुजींच्या घरी ठेवलं. तिथे पहाटे अंगण झाडायचं आणि दिवसभर खेळायचं. अठरा वर्षांच्या आत व्यावसायिक खेळाडूंच्या परीक्षेतून पार व्हायचं, नाहीतर गाठोडं बांधून घरी, असा नियम होता. दूसोक चार वेळा बसला. चौथ्या वेळी शेवटचा डाव अर्ध्या गुणाने गेला. अर्धा गुण म्हणजे काय हे ज्याला कळत नाही तो भाग्यवान.

मग तो मोकपोला परतला, पोरांना बादुक शिकवू लागला आणि टेकडीवरच्या लोकांचा ‘यांग मास्तर’ झाला. गुरुजींच्या घरून त्याने एकच गोष्ट बरोबर आणली होती. ती म्हणजे फेरमांडणी. डाव संपला म्हणून लगेच उठायचं नाही. सगळ्या सोंगट्या काढायच्या आणि पहिल्या सोंगटीपासून तोच डाव दोघांनी मिळून पुन्हा मांडायचा, कोण कुठे चुकलं ते पाहायचं. राग नाही, रडणं नाही. याने माणूस शहाणा होतो, असं गुरुजी म्हणायचे. गुरुजींनी लग्न केलेलं नव्हतं, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

दूसोकने लग्न केलं, आणि ही रीत घरात आणली.

नवरा-बायकोचं भांडण झालं की सुनिम आदळआपट करून मोकळी व्हायची. तिच्या लेखी ते तिथे संपायचं. दूसोक मात्र तासाभराने, अगदी शांतपणे, तिच्यासमोर येऊन बसायचा.

“आधी तू म्हणालीस, सूप खारट नाही. त्यावर मी म्हणालो, खारट म्हटलंच नाही मी, जास्त उकळलंय म्हटलं. मग चौथ्या वाक्यात तू माझ्या आईचं नाव काढलंस. तिथे घसरलीस बघ तू.”

“अहो मिरानचे अप्पा, सूप पोटात गेलं, भांडी घासून झाली. आता कसलं चौथं वाक्य?”

“आणि सहाव्या वाक्यात तर...”

“बरं बाई, चुकले मी. झालं?”

“असं कसं? कुठे चुकलीस ते सांग ना.”

त्याला खरोखरच वाटायचं की तो तिचं भलं करतोय. आणि दुर्दैव असं की तो बरोबर असायचा. शब्द न शब्द त्याला आठवायचा, क्रमाने, आवाजाच्या चढउतारासकट. चुकणाऱ्या माणसाला निदान माफ तरी करता येतं. कायम बरोबर असणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते सुनिमला चाळीस वर्षांत उमगलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मिरान सोळाव्या वर्षी म्हणाली होती, “आपल्या घरी प्रत्येक भांडण दोनदा होतं. एकदा भांडायला आणि एकदा शिकायला.” दूसोकला ते वाक्य फार आवडलं होतं. पोरगी हुशार आहे, आपल्यावर गेली, म्हणून तो अड्ड्यात सगळ्यांना ते सांगत सुटला. तिला काय म्हणायचं होतं ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हा.

मिरान शिकली, तेजन शहरात नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. दर रविवारी आईला फोन करायची. अप्पांशी बोलणं म्हणजे “जेवलात का?” आणि “औषध घेता ना?” एवढंच.

चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये सुनिम गेली. टेकडीवर जी हकीकत सांगतात ती अशी: दुपारी मास्तरांच्या घरातून चढ्या आवाजात बोलणं ऐकू आलं. मग सुनिम हातात कापडी गाठोडं घेऊन तरातरा बाहेर पडली. पहाटेपासून बर्फ पडत होता. खालच्या पायऱ्यांवर तिचा पाय सटकला, डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

दवाखान्याच्याच तळघरात, मेलेल्या माणसाला निरोप द्यायच्या दालनात, लोक भेटायला येत होते, रिवाजाप्रमाणे त्यांच्यासमोर लाल रश्श्याचे वाडगे येत होते. काळ्या कपड्यातली मिरान बापासमोर येऊन उभी राहिली.

“काय बोललात तुम्ही तिला? गाठोडं घेऊन निघाली होती म्हणतात. शेवटी सोडलंच ना तिने तुम्हाला?”

दूसोकला जे येत होतं तेच त्याने केलं. “दोन वाजून दहा मिनिटांनी मी पाटासमोर बसलो होतो. तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली...”

“अप्पा! इथेसुद्धा?” मिरानने दोन्ही कानांवर हात ठेवले. लोक खाता खाता थांबले. “एक शब्द बोलू नका. माझी आई डाव नव्हती.”

त्यानंतर चार वर्षं ती बोलली नाही. नववर्षाला जावयाचा दोन ओळींचा निरोप यायचा, तेवढाच.

आता खरं काय झालं होतं ते फक्त दूसोकला ठाऊक होतं. गाठोड्यात कपडे नव्हते. मोहरीच्या पाल्याची किमची होती, तिखटमिठात मुरवलेलं लोणचंच म्हणा, चांगली मोठी बरणी भरून. आदल्या रविवारी फोनवर मिरान बोलता बोलता म्हणून गेली होती, “आई, परवा एकीकडे मोहरीच्या पाल्याची किमची खाल्ली. तुझ्या हाताची सर नाही गं. मुरली की पाठव ना. कधीपासून तोंडाला पाणी सुटलंय.” सुनिमला फोन मोठ्याने लावायची सवय, त्यामुळे त्याने ते ऐकलं. किमची मुरली ती नेमकी त्या बर्फाच्या दिवशी. बसच्या टपालात दुपारी बरणी दिली की संध्याकाळी तेजनला पोचते, म्हणून सुनिम निघाली. दूसोक म्हणाला, बर्फ आहे. दूसोक म्हणाला, उद्या पाठव. दूसोक म्हणाला, किमची काय एका दिवसात पळून जाते का?

“पोरीच्या तोंडाला पाणी सुटलंय आणि तुम्ही मला हवामान सांगताय?” सुनिम म्हणाली. मग त्याचा आवाज चढला, तिचाही चढला, आणि ती गेली.

दवाखान्यातल्या बाईने ते गाठोडं नंतर त्याच्या हातात आणून दिलं होतं. बरणीला साधा तडासुद्धा गेला नव्हता. तो अख्खा हिवाळा ती किमची त्याने एकट्याने खाल्ली. टाकवेना, आणि कुणाला देववेना.

त्या दुपारची फेरमांडणी त्याने रोज केली. तीन वर्षं हिशेब एकच निघायचा: चूक मिरानची, तिने मागितली, चूक सुनिमची, तिने ऐकलं नाही. आपल्याकडे बोट दाखवणारं एक वाक्य त्याला सापडत नव्हतं. म्हणून तो वाट पाहत होता. मिरान कधीतरी विचारील. आणि विचारील तेव्हा सांगायचं. ‘किमची’ हा एकच शब्द पुरेसा होता आणि तो त्याने नीट धार लावून ठेवला होता.

मग गेल्या हिवाळ्यात, काही कारण नसताना, त्याला दिसलं. आपण त्या दिवशी नऊ वाक्यं बोललो. नऊही बरोबर. आणि नऊही बसून. एकदाही उठलो नाही. उठून तिच्या हातातलं गाठोडं घेतलं असतं, “दे इकडे, मी जातो” म्हटलं असतं, तर बर्फ काय आणि पायऱ्या काय. उंटावर बसून शेळ्या हाकणारा शहाणा तो हाच. 

दुसऱ्या दिवशी तो अड्ड्यात गेला. अड्डा चालवणारा म्हातारा बेक खिडकीशी सोंगट्या पुसत बसला होता. त्याच्याकडे पाहून दूसोक एकदम म्हणाला, “बेकदादा, तुम्ही मठ्ठ आहात.”

“आहे बुवा,” बेक म्हणाला.

“पन्नास वर्षं खेळताय आणि अजून पोरासोरांकडून हरता.”

“हरतो.”

“पण तुमच्या घरावरून जाताना मला रोज हसण्याचा आवाज येतो. हे कसं काय?”

बेकने सोंगटी उजेडात धरून पाहिली. “मास्तर, बायको भांडली की सकाळपर्यंत मी विसरतो. तीही विसरते. मग आम्ही पुन्हा त्याच गोष्टीवरून भांडतो. चाळीस वर्षं एका भांडणावर निघाली आमची. नवीन शोधायची गरजच पडली नाही.” आणि तो स्वतःच खो खो हसला.

दूसोक हसला नाही. त्याला हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हेही त्याच्या त्या तल्लख डोक्याने लगेच टिपून ठेवलं. इतकी वर्षं तो समजत होता की ज्याला जास्त दिसतं तो जास्त सुखी होतो. उशिरा दिसण्यासारखं दुसरं दुःख नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा सुनिमच्या तिथीच्या आठवडाभर आधी फोन वाजला.

“अप्पा, मी मिरान. आईच्या दिवशी येतेय.”

“ये,” तो म्हणाला. पुढे काय बोलावं ते सुचायच्या आत फोन ठेवला गेला होता.

त्या आठवड्यात टेकडीने मास्तरांना बाजारात माशांचे डोळे तपासताना पाहिलं. भात, सूप, पूर्वेकडे तोंड करून ठेवलेला अख्खा मासा, वरची चकती कापलेलं नासपती, सगळं सुनिम तिच्या सासऱ्यांच्या तिथीला मांडायची तसंच त्याने मांडलं. कुठली बशी कुठल्या ओळीत हे त्याला तंतोतंत आठवत होतं. करता मात्र काहीच येत नव्हतं. माशाची कातडी तव्याला चिकटून राहिली, धिरडी फाटली. शेवटी बेकच्या बायकोने वाटीभर भजी पाठवली आणि निरोप दिला, “मास्तरांना म्हणावं, ही ओळ मोडून ठेवली तरी सुनिम रागवायची नाही.”

काय बोलायचं तेही त्याने ठरवून ठेवलं होतं. या वेळी सगळं सांगायचं, पण न्यायाने. एक चूक मिरानची, एक सुनिमची आणि एक माझी. माझी पहिल्यांदा सांगायची. यापेक्षा शहाणपणाचं बोलणं कुठलं? लेक ऐकील, रडेल, आणि मग दर रविवारी फोन वाजेल. त्याने मनातल्या मनात त्या फोनला काय उत्तर द्यायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

मिरान चार वाजता आली. एक्केचाळीस वर्षांची बाई, पण गालफडं बसलेली. दाराशी बूट काढताना तिने भिंतीचा आधार घेतला. दोघांनी सुनिमच्या फोटोसमोर मद्याचा पेला ठेवला, दोन-दोन वेळा जमिनीला डोकं टेकलं. फोटोतली सुनिम कुणावर तरी हसत होती. मग मिरान तिथेच पाय दुमडून बसली.

“अप्पा, एक विचारायला आलेय. आधीच सांगते, फेरमांडणी नकोय मला. एक प्रश्न आणि एक उत्तर.”

“विचार.”

“दोन वर्षं झाली, मला झोप नाही. गोळ्या घेऊनही नाही.” ती अंगठ्याचं नख दुसऱ्या नखाने खरवडत होती. सगळी नखं कुरतडलेली होती. “सारखं वाटतं, त्या आठवड्यात मी आईकडे काहीतरी मागितलं होतं. काय ते आठवत नाही. मी नेहमी काहीतरी मागायचेच तिच्याकडे. तुम्हाला आठवत असणार. गाठोड्यात काय होतं?”

चार वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा समोर येऊन बसला होता. दूसोकने तोंड उघडलं.

बादुक खेळणारा माणूस सोंगटी टेकवण्याआधी पुढच्या वीस खेळ्या बघतो. ही त्याची बुद्धी नसते, सवय असते. दूसोकने पाहिलं. मी म्हणणार, किमची. ती विचारणार, कुणासाठी? मी म्हणणार, तुझ्यासाठी. ती विचारणार, मी मागितली होती? मी म्हणणार, हो. मग मी माझी चूक सांगणार, पण ती ऐकायला ती तिथे नसणारच. ती त्या रविवारच्या फोनपाशी जाऊन बसलेली असेल, तेजनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात, एकटी, रोज, एका वाक्यासमोर. कधी ‘पाठव ना’ काढून बघेल, कधी ‘तोंडाला पाणी सुटलंय’ काढून बघेल. पुढची चाळीस वर्षं. ती जागा दूसोकच्या चांगली ओळखीची होती. तो तिथेच राहत होता.

“कपडे होते,” तो म्हणाला.

“कपडे?”

“दोन जोड. आणि तिची रक्तदाबाची औषधं.” खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो सावकाश बोलत होता, आणि ते खऱ्यासारखं वाटत होतं. “फार बोललो मी तिला त्या दिवशी. ती म्हणाली, मी चालले. मी जागचा उठलो नाही. थांबवलं नाही तिला.”

“आणि त्या रविवारी फोनवर? मी काही मागितलं नव्हतं?”

“तू तुझ्या कचेरीतल्या त्या नव्या साहेबाबद्दल बोललीस. सर्दी झाली होती तुला. आई म्हणाली, आलं उकळून पी. बाकी काही नाही.”

“नक्की ना, अप्पा?”

“मी कधी काही विसरलोय?”

मिरानने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि ती रडू लागली. ते रडणं आईसाठी होतं, आणि थोडं स्वतःसाठीही. दूसोकला हात पुढे करावासा वाटला. पण आता आपण कोण आहोत हे त्याला समजत होतं. बायकोला घराबाहेर काढणाऱ्या माणसाने हात पुढे करायचा नसतो.

तिने डोळे पुसले तेव्हा त्यांत राग होता.

“म्हणजे मी म्हणत होते तेच खरं.”

“हो.”

“आणि चार वर्षं तुम्ही गप्प बसलात. मी इकडे स्वतःला खात होते.”

“हो.”

“दुसरं काहीच नाही का तुमच्याकडे बोलायला? एरवी तर...” ती पुढचं बोललीच नाही. उठली, कोट चढवला. मग फोटोपाशी गेली, चौकट उचलली आणि आपल्या गळ्यातल्या लोकरीच्या कापडात गुंडाळली. “पुढच्या वर्षापासून आईचं मी माझ्या घरी करीन. तिला इथे नाही ठेवायचं मला.”

दूसोक उठून उभा राहिला. गुडघे कुरकुरले. “जेवून तरी जा. बेकच्या घरची भजी आहेत.”

“नको.”

“मग थांब, खालपर्यंत येतो मी. पायऱ्या निसरड्या आहेत.”

“नको, अप्पा. गुडघे बघा आधी आपले.” बूट घालून झाल्यावर ती क्षणभर दारात उभी राहिली. आवाज थोडा खाली आला होता. “आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल केलीत तुम्ही. आई असताना एकदा जरी केली असती ना!”

तिने दार ओढून घेतलं.

तो खिडकीशी गेला. खाली बंदरावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. मिरान पायऱ्या उतरत होती. वर येताना भिंतीला धरून आलेली पोरगी आता कठडा न धरता उतरत होती, लहानपणी शाळेला उशीर झाला की उतरायची तशी, दोन-दोन पायऱ्या सोडून नाही, पण जवळजवळ तशीच. आज रात्री तिला झोप लागेल, हे त्याला दिसलं. आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला डाव आपण आज खेळलो, हेही त्याला दिसलं. आणि त्याला कधी नव्हे ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, की बघ, जमलं मला.

सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं. ते मिरानच्या काखेत, लोकरीच्या कापडात गुंडाळलेलं, पायऱ्या उतरत होतं.